रीड-ओन्ली

दाजी पेठेत पिठाच्या गिरणीवर एक खोली,
तीन कॉम्प्युटर, त्यातला चालणारा एक,
आणि मी.
एप्रिल. खुर्चीचं रेक्झिन पाठ सोडत नाही.
खालचं पीठ वर येऊन की-बोर्डात बसतं,
'र' दाबला की तीनदा उमटतो.

बालमणी चिट्याल पिशवीतून कागद काढते,
कागदालाही तंबाखूचा वास.
"परत दिला की ओ. चौकट रिकामी ठेवलाव म्हणतेत."
चौकट : पतीचे संपूर्ण नाव.
पती भिवंडीला गेला त्याला अकरा वर्षं झाली.
"नाव सांगते की मी. पण सही आणा म्हणतेत.
सही कुठनं आणू? मला तर त्याचं तोंड पण
अर्धंच आठवायलंय."

मी फॉर्म उतरवायला घेते.
चाळीस टक्क्यांवर अडकतो. बासष्टवर परत.
तोवर ती सांगते, पोरगी बारावीला आहे,
हा वजिफा मिळाला तर पुढं,
नाही मिळाला तर सूप तयारच आहे.
फॉर्म उघडतो. वर कंसात लिहिलेलं : रीड-ओन्ली.
एक अक्षर हलत नाही. कर्सर लुकलुकतो,
खिडकी बंद झाल्यावरही
रांगेत उभ्या राहिलेल्या माणसासारखा.

दुसऱ्या नावानं सेव्ह केला.
राइट क्लिक, प्रॉपर्टीज, बारक्या चौकोनातली
बरोबरची खूण काढली.
कुलूप नव्हतंच. नुसती कडी लावलेली.
'पतीचे' पुसलं, 'आईचे' लिहिलं.
"आईचं नाव काय तुमच्या?"
"नागम्मा."
मग बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिली.
"कागदावर पहिल्यांदाच आली बघ."

प्रिंटरची शाई मार्चमध्येच संपलेली.
माझ्याकडं रिरायटेबल सीडी एकच,
वर मार्करनं लिहून खोडलेली पाच नावं :
बोल्लींचं लग्न, टॉवेल डिझाइन, सोसायटी हिशेब,
गड्डा फोटो, आणि एक काय ते मलाही लागत नाही.
सहावं लिहिलं नाही. जागाच नव्हती.
फॉर्म जाळून दिला,
ती नव्या पेठेत जाऊन छापून घेईल म्हणून.

शनिवारी आली. हसत होती.
साहेबानं वाचलंच नाही म्हणे.
शिक्का उचलला आणि असा हाणला
की नेमका 'आईचे'वर बसला,
निळ्या गोलाखाली काय आहे
ते आता कुणालाच कळायचं नाही.
फॉर्म घेतला. पैशांचं नंतर बघू म्हणाला.
सीडी माझ्या हातात देताना तिनं
पदरानं दोन्ही बाजू पुसल्या.

संध्याकाळी आडेपांकडून माणूस आला,
नातवाचं बारसं सीडीवर घालून पाहिजे.
मी सीडी आत सरकवली.
मशीननं विचारलं : सगळं जाईल. चालेल?
बोट माऊसवर होतं.
दाबलं असतं की नसतं, मला सांगता येत नाही,
कारण तेवढ्यात लाइट गेली.
खालची गिरणी हळूहळू थांबली.
ट्रे आतच अडकला.

नायना जिना चढून आले, हातात दाभण.
तीस वर्षं जकार्डची कार्डं पाडली त्यांनी,
एकेका चादरीसाठी हजारो भोकं पुठ्ठ्यात.
चुकीचं भोक पडलं तर खळीनं चकती चिकटवायचे,
पण उजेडात धरलं की ती दिसायची,
आणि मालक नेमका उजेडातच धरायचा.
ट्रेशेजारी एक बारीक छिद्र असतं.
मी सांगायच्या आधीच त्यांना ते सापडलं.
दाभण घातली. ट्रे बाहेर आला.

सीडी घेऊन ते खिडकीशी गेले.
उरलेल्या उन्हात तिरकी केली, सरळ केली,
डोळ्याला लावून मधल्या भोकातून गल्ली पाहिली.
"एवढं एकच?" म्हणाले.
मग पुन्हा तिरकी केली.
बाकीची भोकं कुठं आहेत
ते शोधत राहिले, अंधार पडेपर्यंत.